सडण्यालाही हवा लागते

पावसाचे पहिले चार-सहा जोर होऊन गेले की बदलापूर-अंबरनाथच्या बाजारात रानभाज्यांच्या ढिगाशेजारी अळंबी दिसू लागते. ठाकर आणि कातकरी बायका ती पहाटे रानातून गोळा करून पळसाच्या पानात बांधून आणतात. शेवळांचा हंगाम तोवर सरत आलेला असतो. अळंबीचा हंगाम त्याहून लहान, एखाद्या जागी जेमतेम दोन-चार दिवसांचा. धिंगरी आणि बटण मशरूम बारा महिने शेडमध्ये पिकवता येतात, पण वारुळावर उगवणारी ही अळंबी अजून कुणाला व्यापारी पद्धतीने पिकवता आलेली नाही. तिची शेती वाळवी करते, आणि तीही सुमारे तीन कोटी वर्षांपासून.

आपल्याकडे वारुळं बांधणारी ओडोंटोटर्मिस कुळातली वाळवी सुकलेलं लाकूड आणि पाचोळा कुरतडून घरी नेते. हा माल तिला पूर्णपणे पचत नाही. अर्धवट पचलेल्या विष्ठेतून ती वारुळाच्या पोटात स्पंजसारखे सच्छिद्र मळे रचते आणि त्यांवर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवते. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन ही बुरशी मऊ करते, मग वाळवी तो मळा आणि त्यावरची बुरशी खाते. मळ्यात ऊब आणि ओल टिकावी, हवा खेळती राहावी, यासाठीच वारुळाची सगळी रचना असते. पावसाळ्यात माती भिजली की या मळ्यांतून देठ वर येतात, छत्र्या उघडतात आणि बीजाणू उडतात. बाजारात विकायला येतं ते या बुरशीचं फळ. घरातली दाराची चौकट पोखरणारी म्हणून वाळवीचा राग सगळ्यांना येतो, पण रानातलं मेलेलं लाकूड मातीत परत नेण्याच्या कामात तिच्या तोडीचे कामगार फार थोडे आहेत.

हे काम थांबलं तर काय होईल, याचा अंदाज स्फुरदावरून येतो. कर्ब आणि नत्र हवेतून पुन्हा मिळवता येतात, स्फुरद नाही. खडक झिजून तो फार सावकाश सुटतो. पानात, लाकडात, हाडात अडकलेला स्फुरद कुजण्यातून मोकळा झाला नाही, तर काही पिढ्यांत झाडांना तो मिळेनासा होईल. उभं रान यंदा ज्या अन्नावर वाढतं, त्यातलं बहुतेक गेल्या काही वर्षांच्या मेलेल्या पानांतून आलेलं असतं.

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना लागणाऱ्या जंगलात हा हिशेब पायाखाली उलगडलेला दिसतो. साग, ऐन, मोह, पळस, कुडा यांची पानं हिवाळ्याच्या शेवटापासून गळू लागतात आणि एप्रिलपर्यंत जमिनीवर पाचोळ्याचा थर साचतो. पण तो कुजत नाही, कारण ओल नाही. जिवाणू आणि बुरश्या तिथेच असतात, मात्र निपचित किंवा बीजाणूंच्या रूपात. या दिवसांत वणवा लागला तर पाचोळा कुजण्याआधीच जळून जातो. वाचला, तर मृगाच्या पावसाची वाट पाहतो.

पहिल्या पावसानंतर काही तासांतच मातीतून कार्बन डायऑक्साइडचा मोठा लोट बाहेर पडतो आणि नत्राची उपलब्धता एकदम वाढते. कोरड्या उन्हाळ्यात मेलेल्या सूक्ष्मजीवांची शरीरं आणि मातीच्या कणांत अडकलेलं सेंद्रिय द्रव्य ओल मिळताच उरलेल्यांच्या तोंडी पडतं. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च या मृदाशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात याचा नीट अभ्यास केला, म्हणून जगभर ही घटना त्याच्या नावाने ओळखली जाते. धूळवाफेवर पेरलेलं भात पहिल्या सरींनंतर हिरवंगार उठतं, त्यात पाण्याइतकाच या नत्राचाही वाटा असतो.

त्या वेळी येणारा मातीचा वासही बराचसा कुजवणाऱ्यांचाच. स्ट्रेप्टोमायसिस हे जिवाणू जिओस्मिन नावाचं रसायन तयार करतात आणि माणसाच्या नाकाला ते अत्यंत कमी प्रमाणातही कळतं. मातीतले उड्या मारणारे बारीक स्प्रिंगटेल जीव या वासाच्या मागावर येतात, स्ट्रेप्टोमायसिस खातात आणि त्याचे बीजाणू अंगावर घेऊन दूर पोचवतात, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. याच कुळातल्या एका जिवाणूपासून १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि क्षयरोगावर पहिल्यांदा खरं औषध हाती आलं. महाराष्ट्राच्या मातीनेही यात भर घातली आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच मातीतल्या जिवाणूपासून हमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. जिवाणूचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पाचोळ्यावरच्या जागेसाठी जिवाणू आणि बुरश्या एकमेकांशी झगडतात, त्या झगड्यातली हत्यारं माणसाने दवाखान्यात आणली.

पाचोळ्यावर एकाच वेळी अनेकजण काम करतात, तरी त्यात क्रम असतो. पानातली साखर आणि स्टार्च आधी जातं, ते जिवाणूंना सोपं. सेल्युलोज तोडायला जास्त वेळ लागतो. लिग्निन सर्वांत शेवटी, आणि ते पूर्ण तोडणं पांढऱ्या कुजीच्या बुरश्यांनाच नीट साधतं. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात रात्री हिरवट उजेडाने चमकणाऱ्या काटक्या पाहायला लोक जातात, तो उजेड अशाच लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचा असतो. दरम्यान अंगाचं वेटोळं करणारे पैसे, गोगलगायी आणि माइट पानाचे तुकडे करत राहतात. तुकडे झाले की पृष्ठभाग वाढतो आणि जिवाणूंना शिरायला जागा मिळते. गांडूळ हे सगळं मातीत कालवतं. पावसाने बाहेर आलेले मखमली लाल मृगाचे किडे सुंदर दिसतात, पण ते येतात शिकारीला. वाळवी आणि लहान कीटकांची अंडी हे त्यांचं खाद्य. कुजवणाऱ्यांच्या संख्येवरही असा कुणाचा तरी वचक असतो.

या सगळ्यात वेळ साधण्याला महत्त्व आहे. उल्हास खोऱ्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. पाचोळ्यातून सुटलेलं नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं आणि तशा पावसात दोन दिवसांत ओढ्याला लागू शकतं. रानात ते तितकंसं वाहून जात नाही, कारण झाडांची बारीक मुळं आणि त्यांच्याशी जोडलेल्या बुरशीचे धागे नेमक्या त्या थरात पसरलेले असतात. सुटलं की उचललं, असं चालतं. झाडं तोडून उघड्या पडलेल्या टेकडीवर कुजणं चालूच राहतं, पण उचलणारं कुणी नसतं. मग माती दरवर्षी थोडी थोडी कंगाल होते.

भातशेतीने या चक्रात फार पूर्वीच हात घातला. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत रोपं तयार करण्याच्या जागेवर ऐन आणि इतर झाडांचा टाहाळ, पाचोळा, गवत आणि शेण यांचे थर देऊन वर माती टाकायची आणि उन्हाळ्यात ते सगळं भाजायचं, ही राबाची पद्धत. इंग्रज सरकारच्या वनखात्याला टाहाळ तोडणं मान्य नव्हतं, शेतकऱ्याला त्याशिवाय भात येणं शक्य वाटत नव्हतं. हा वाद इतका पेटला की जंगलाबद्दलच्या तक्रारींसाठी नेमलेल्या मुंबई वन आयोगाने (१८८५ ते १८८७) त्याची चौकशी केली. शेतकऱ्याचा आग्रह निराधार नव्हता. भाजण्याने तणाचं बी मरतं, राखेतून पालाश, चुना आणि स्फुरद लगेच मिळतं, आणि तापलेल्या मातीतलं थोडं नत्रही सुटतं. रोप जोमदार येतं. पण पानात आणि शेणात असलेलं बहुतेक नत्र धुरावाटे उडून जातं आणि ज्या द्रव्यावर गांडूळ, बुरशी जगली असती ते शिल्लक राहत नाही. कुजण्याला महिने लागतात ते काम आग एका दिवसात करते, आणि त्या घाईची किंमत माती देते.

बदलापूरच्या पुढची काही स्टेशनं ओलांडली की नेरळ लागतं. तिथल्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी उलट्या दिशेने जाणारी भाताची पद्धत विकसित केली. सगुणा राइस तंत्र, शेतकऱ्यांच्या बोलण्यात एसआरटी. यात चिखलणी नाही, रोपं नाहीत, लावणी नाही. गादीवाफे एकदाच करायचे आणि पुढच्या वर्षी मोडायचे नाहीत. लोखंडी साच्याने भोकं पाडून बी टोकायचं. कापणी झाली की रोपाचं खोड वरून कापायचं, मुळं जमिनीतच राहू द्यायची. मुळं जागच्या जागी कुजतात, त्यांच्या वाटा हवेला आणि पाण्याला मोकळ्या राहतात आणि नांगराने दरवर्षी कापली न गेलेली गांडुळं परत येतात. या पद्धतीत तणनाशक वापरावं लागतं आणि सेंद्रिय शेती करणारे त्याला आक्षेप घेतात, तो आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. तरीही मूळ कल्पना महत्त्वाची आहे: कुजवणाऱ्यांना शेतातच ठेवायचं, त्यांचं घर मोडायचं नाही.

कुजण्याचं शास्त्र शेतकऱ्याच्या हाती देण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्नही एका मराठी संस्थानात झाला. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते. त्यांच्यासोबत रसायनशास्त्राची बाजू सांभाळत होते यशवंत वाड. कपाशीच्या पळकाट्या, पाचोळा, गुरांच्या पायाखालचा केर, शेण आणि मूत्र भिजलेली माती यांचे थर रचून त्यांनी तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक निघालं आणि इंदूर पद्धत जगभर गेली. आज सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्डचं नाव सगळीकडे येतं, वाडांचं क्वचित. ही उणीव भरून काढायला हवी.

त्या रीतीचा गाभा दोन गोष्टींत आहे. एक, सुकं आणि ओलं यांचा मेळ. सूक्ष्मजीवांना साधारण पंचवीस ते तीस भाग कर्बाला एक भाग नत्र लागतं. नुसत्या सुक्या पानांत नत्र कमी म्हणून ती वर्षभर पडून राहतात. नुसत्या ओल्या कचऱ्यात नत्र जास्त म्हणून अमोनियाचा दर्प सुटतो. दुसरी गोष्ट हवा. ढीग ठरावीक दिवसांनी उलथायचा. हवा मिळाली की आतलं तापमान साठ अंशांच्या वर जातं, रोगजंतू आणि तणाचं बी मरतं आणि दुर्गंधी येत नाही. हवा संपली की त्याच ढिगात दुसरेच जिवाणू वर चढतात, ज्यांना प्राणवायू लागत नाही. ते सावकाश काम करतात आणि मिथेन, हायड्रोजन सल्फाइड, आंबूस आम्लं मागे सोडतात.

वालधुनी नदीचं जे झालं ते इथून समजायला सोपं जातं. अंबरनाथजवळच्या डोंगरातून निघून ही नदी इसवी सन १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिराच्या अंगाने वाहते, मग उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. नदीतही कुजवणारे जीव असतातच. एक-दोन वस्त्यांचं सांडपाणी ते सहज पचवतात. पण अठ्ठावीस अंशांच्या पाण्याच्या एका लिटरात आठ मिलिग्रॅमहून कमी प्राणवायू मावतो, आणि प्रक्रिया न केलेल्या एका लिटर मैल्याच्या पाण्याला कुजण्यासाठी दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम प्राणवायू हवा असतो. म्हणजे त्या एका लिटरसाठी तीसेक लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू खर्ची पडेल. प्रदूषण मंडळं पाण्याची जी बीओडी मोजतात ती हीच मागणी. आपल्याकडे ती सत्तावीस अंश तापमानाला तीन दिवसांत किती प्राणवायू खर्च झाला यावरून ठरते. आंघोळीसाठी योग्य नदीत ती लिटरमागे तीन मिलिग्रॅमपर्यंत असावी, असा निकष आहे.

मागणी पुरवठ्याच्या पलीकडे गेली की मासे आधी जातात, मग गोगलगायी आणि कीटकांच्या अळ्या. पाण्याखालचा गाळ काळा पडतो, कारण सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि तो लोहाशी मिळून काळा होतो. सडक्या अंड्याचा वास आणि काळवंडणारी चांदी या त्याच वायूच्या खुणा. वालधुनीचं दुखणं मात्र मैल्यापुरतं नाही. उल्हासनगरच्या जीन्स धुलाई आणि रंगाई उद्योगातले रंग, अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांची आम्लं आणि जड धातू यांतलं बरंचसं कुजतच नाही, उलट कुजवणाऱ्यांनाच मारतं. २०१४ च्या अखेरीस टँकरमधून नदीत सोडलेल्या रसायनामुळे वायू पसरला आणि उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावं लागलं. वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक स्वराज्य संस्था आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना कोट्यवधींचा दंड ठोठावला. पुढे अनेक जीन्स धुलाई कारखाने बंद झाले, काही आसपासच्या गावांत सरकले.

उल्हास नदीचं चित्र वेगळं आहे. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणारं आंध्र धरणाचं पाणी आणि बारवीचं पाणी यांमुळे ती उन्हाळ्यातही वाहती राहते, आणि बदलापूरपासून मिरा-भाईंदरपर्यंतची शहरं तिचं पाणी पितात. तिच्यात सोडलेला मैला बऱ्याच प्रमाणात कुजतो. पण कुजणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे. नत्र आणि स्फुरद पाण्यात विरघळलेल्या रूपात शिल्लक राहतात, आणि रानात जसं मूळ ते उचलतं तसं इथे जलपर्णी उचलते. कांबा, रायते, मोहने या भागांत नदीवर हिरवा गालिचा पसरल्याच्या बातम्या बहुतेक उन्हाळ्यांत येतात. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होते. ती मारून पाण्यातच बुडू दिली तर तिचं कुजणं पुन्हा प्राणवायू खातं आणि तेच नत्र पुन्हा पाण्यात येतं. ती बाहेर काढून, सुकवून, शेणाबरोबर ढिगात घातली तरच नत्र नदीबाहेर जातं.

हे नत्र किती असेल? २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून नऊ लाखांहून अधिक लोक होते, आणि आज ते कितीतरी जास्त आहेत. भारतीय आहारावर जगणाऱ्या माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण अडीच किलो नत्र बाहेर पडतं. जुनीच लोकसंख्या धरली तरी हे सव्वादोन हजार टनांहून जास्त होतं, म्हणजे पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या एक लाखाहून अधिक गोणी. भाताला हेक्टरी शंभर किलो नत्र द्यावं अशी शिफारस असते. त्या हिशेबाने बावीस हजार हेक्टरांहून जास्त भाताचं नत्र ही तीन शहरं दरवर्षी गटारात सोडतात, आणि त्याच खोऱ्यातला शेतकरी रासायनिक खताच्या दुकानासमोर रांगेत उभा राहतो.

कचऱ्याची कथाही याच वळणाची. उल्हासनगरची म्हारळची कचराभूमी भरून गेली तेव्हा शहरातल्याच कॅम्प पाचकडे कचरा जाऊ लागला, बदलापूरचा कचरा वालिवलीला जातो. घरगुती कचऱ्यातला निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेला आणि वरून दाबलेला तो ओला कचरा हवेविना सडतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट तापवणारा मिथेन सोडतो. कचराभूमींना लागणाऱ्या आगी विझता विझत नाहीत, यामागे तो आहे. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या आगीचा धूर मुंबईकरांनी कित्येक दिवस सोसला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करणं बंधनकारक केलं आणि तिन्ही शहरांसाठी वालिवलीला संयुक्त प्रकल्पही आखला गेला. पण वेगळ्या न केलेल्या ओल्या कचऱ्यातून कुठलंही यंत्र चांगलं खत काढू शकत नाही. काच आणि बॅटऱ्यांचे तुकडे घेऊन आलेलं खत शेतकरी घेत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

सांडपाणी केंद्रांतही काम तेच जिवाणू करतात. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी मैल्याच्या पाण्यात हवा फुंकून, खाली बसलेला जिवाणूंनी भरलेला गाळ पुन्हा पुन्हा वापरून दाखवला. नदीला जे करायला कित्येक दिवस लागतात, ते टाकीत काही तासांत झालं. जगभरातली बहुतेक केंद्रं अजून याच तत्त्वावर चालतात, आणि वीज गेली, पंखे थांबले की काही तासांत तिथलं पाणीही वालधुनीसारखं काळं पडू लागतं. केंद्रातून निघणारा गाळ नत्र-स्फुरदाने भरलेला असतो. उल्हास खोऱ्यातल्या भातशेतीला तो हवा आहे. अडचण धातूंची आहे: घरांचा मैला आणि कारखान्यांचं पाणी एकाच नाल्यात मिसळलं की तो गाळ शेतात टाकता येत नाही. उल्हासनगरच्या गल्ल्यांत कारखाना आणि घर एकमेकांना लागून आहेत, दोघांचं पाणी एकाच उघड्या नाल्यात पडतं. तिथे दोन वेगळ्या नळ्या टाकणं हे या सगळ्यातलं सर्वांत खर्चीक आणि आधी करायचं काम आहे.